उच्छ्वासाचा आलेख

पेण आणि रोहा तालुक्यांतील शाळांमध्येही, राज्यातील इतर शाळांप्रमाणेच, विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीसाठी सरकारी पथक येत असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा हा भाग आहे. एखाद्या मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला असतो, एखाद्याला हर्निया असतो, एखादीचे टॉन्सिल वारंवार सुजत असतात. पथकातील डॉक्टर मूल पाहतात आणि शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतात. चिठ्ठी देऊन पथक पुढच्या गावी जाते. पालक मात्र दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभे असतात आणि प्रश्न विचारतात तो शिक्षकांना : "गुरुजी, भूल दिल्यावर पोर परत उठेल ना?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शस्त्रक्रियेपेक्षा भुलेची भीती वाटणे यात पुष्कळ तथ्य आहे, आणि भूल देण्याच्या शास्त्राचा सारा इतिहास या एका भीतीला उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. "काही होत नाही, घाबरू नका" असे म्हणून आपण पालकांना धीर देतो. पण धीर देणे वेगळे आणि उत्तर देणे वेगळे. खरे उत्तर द्यायचे तर भूल दिलेल्या मुलावर नजर कशी ठेवली जाते, हे आपल्याला ठाऊक हवे. त्या नजरेचा एक फार महत्त्वाचा भाग म्हणजे मुलाने बाहेर टाकलेल्या हवेतील कार्बन डायऑक्साइडचे सतत मोजमाप. यामागचे विज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. म्हणूनच ते समजावून घेऊ या.

भूल म्हणजे झोप नव्हे

रात्री झोपलेल्या मुलाचा श्वास आपोआप चालू असतो. नाक दबले तर मूल कूस बदलते, घशात थुंकी अडकली तर खोकते. पूर्ण भूल दिलेल्या मुलाच्या बाबतीत ही सारी राखण बंद पडलेली असते. जीभ आणि घशाचे स्नायू सैल होऊन श्वासमार्ग बुजू शकतो. मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. अनेक शस्त्रक्रियांत स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते. तेव्हा तर श्वसनाचे स्नायूही काम करीत नाहीत आणि श्वास पूर्णपणे यंत्राच्या किंवा भूलतज्ज्ञाच्या हातातील पिशवीच्या आधारे चालतो. थोडक्यात, मुलाच्या श्वासाची जबाबदारी तेवढ्या वेळापुरती दुसऱ्या माणसाने घेतलेली असते.

ही जबाबदारी किती जोखमीची आहे, हे फार लवकर कळून आले. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी, पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. भुलेमुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू समजला जातो. शस्त्रक्रिया क्षुल्लक होती. मृत्यू भुलेचा होता.

अशा वेळी आधी काय थांबते, हृदय की श्वास, यावर पुढे अर्धशतक वाद चालला. त्यातील एक मोठे प्रकरण आपल्या शेजारचेच आहे. मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या हैदराबादमध्ये, निजामाच्या खर्चाने आणि एडवर्ड लॉरी या शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. प्राण्यांवरील अनेक प्रयोगांनंतर त्यांचा निष्कर्ष असा निघाला की श्वास आधी थांबतो, म्हणून नाडी धरून बसण्याऐवजी श्वासाकडे लक्ष द्यावे. क्लोरोफॉर्ममुळे हृदयही अचानक बंद पडू शकते, हे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले, आणि हैदराबादचा निष्कर्ष अपुरा ठरला. तरी 'श्वासाकडे लक्ष द्या' हा सल्ला मात्र खराच होता. अडचण एवढीच, की छाती वर-खाली होताना दिसणे म्हणजे फुप्फुसांत हवा जाणे नव्हे. घसा बुजलेला असतानाही छाती हलू शकते. हवा खरोखर आत जाऊन बाहेर आली, याचा पुरावा हवा होता.

चुन्याच्या निवळीचा पुरावा

हा पुरावा आपण शाळेत दरवर्षी दाखवतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की निवळी दुधाळ होते. जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात हा वायू ओळखला आणि तो आपल्या उच्छ्वासातही असतो, हे याच निवळीने सिद्ध केले.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज सुमारे ०.०४ टक्के आहे. उच्छ्वासाच्या अखेरीस बाहेर पडणाऱ्या हवेत ते सुमारे ५ टक्के, म्हणजे शंभरपटींहून अधिक असते. एवढा मोठा फरक असल्यामुळे चुकीला फारसा वाव राहत नाही. उच्छ्वासात हा वायू सापडला, तर तीन गोष्टी एकाच वेळी सिद्ध होतात. शरीरातील पेशी इंधन जाळून हा वायू तयार करीत आहेत, म्हणजे चयापचय चालू आहे. रक्त तो फुप्फुसांपर्यंत वाहून आणीत आहे, म्हणजे हृदय आणि रक्ताभिसरण चालू आहे. आणि फुप्फुसांतील हवा बाहेर येत आहे, म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे. या साखळीची एक कडी तुटली तरी आकडा बदलतो. एकाच मोजमापातून इतके सांगणारी गोष्ट शरीरशास्त्रात क्वचितच आढळते.

पण शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ निवळीची परीक्षानळी घेऊन बसता येत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर, सेकंदाच्या अंशात उत्तर देणारे साधन हवे. ते भौतिकशास्त्राने दिले.

उष्णतेचे किरण शोषणारा वायू

जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ऑक्सिजन आणि नायट्रोजन हे वायू उष्णतेचे अदृश्य किरण, म्हणजे अवरक्त किरण, जवळजवळ जसेच्या तसे जाऊ देतात. पण कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ ते शोषून घेतात. पृथ्वीच्या वाढत्या तापमानाच्या चर्चेत आज आपण टिंडल यांचे नाव घेतो ते याच शोधासाठी. गंमत अशी, की १८६० च्या दशकात त्यांच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडही या पद्धतीने मोजून पाहिला गेला. वातावरण तापवणारा गुणधर्म आणि शस्त्रक्रियागृहात मुलाची राखण करणारा गुणधर्म एकच आहे.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुमारे ४.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण विशेष जोराने शोषतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते, म्हणजे हे किरण तांबड्या प्रकाशाच्या बरेच पलीकडचे. एका छोट्या कुपीच्या एका बाजूला असे किरण सोडणारा स्रोत आणि दुसऱ्या बाजूला ते मोजणारा संवेदक बसवतात. कुपीतून उच्छ्वासाची हवा जाते. वायू जितका जास्त, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. या घटीवरून प्रमाण काढता येते. हे जवळजवळ सारे काम तत्क्षणी होते.

अवरक्त किरणांवर चालणारा पहिला सोयीचा वायुविश्लेषक जर्मनीतील कार्ल लुफ्ट यांनी बनवला. त्यांनी तो १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. तो जन्मला रासायनिक उद्योगात, रुग्णालयात नव्हे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे रासायनिक कारखाने ज्यांच्या ओळखीचे आहेत, अशा वाचकांना याचे नवल वाटणार नाही. कारखान्यातील नळांतून वाहणारा वायू मोजण्याची युक्ती पुढे श्वासाच्या नळीसाठी वापरली गेली. सुरुवातीची यंत्रे अवजड आणि महाग होती. नेदरलँड्समधील भूलतज्ज्ञ बॉब स्मालहाउट यांनी चिकाटीने हजारो आलेख अभ्यासले आणि १९७५ मध्ये कालेंदा यांच्यासह त्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये नेदरलँड्सने हे मोजमाप भुलेच्या नेहमीच्या पद्धतीत आणले. या यंत्राला कॅप्नोग्राफ म्हणतात. 'काप्नोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ धूर. पेशींच्या चुलीतून निघणारा धूर मोजणारे यंत्र, असे म्हणावयास हरकत नाही.

माथेरानसारखा डोंगर

कॅप्नोग्राफच्या पडद्यावर आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर कार्बन डायऑक्साइडचा दाब, अशी रेघ सतत उमटत असते. प्रत्येक उच्छ्वासाला एक डोंगर तयार होतो. त्याचा आकार आपल्या माथेरानसारखा असतो : बाजूला उभा कडा आणि वर सपाट माथा.

आता हा डोंगर पायथ्यापासून चढू या. उच्छ्वास सुरू होतो तेव्हा प्रथम बाहेर येते ती श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या शाखांतील हवा. ती वायुकोशांपर्यंत पोचलेलीच नसते, म्हणून तिच्यात कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतो. रेघ शून्यावर राहते. नंतर वायुकोशांतील हवा तिच्यात मिसळू लागते आणि रेघ झपाट्याने वर चढते, हा कडा. त्यानंतर केवळ वायुकोशांतील हवा येत राहते आणि रेघ किंचित चढती पण जवळजवळ सपाट होते, हे पठार. पठाराच्या अगदी टोकाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर दाबाइतका असतो आणि निरोगी व्यक्तीत रोहिणीतील रक्तामधील दाबाच्या अगदी जवळ, किंचित कमी असतो. म्हणजे सुई न टोचता रक्ताविषयीचा अंदाज मिळतो. मग श्वास आत घेतला जातो, ताजी हवा येते आणि रेघ सरळ शून्यावर उतरते.

अनुभवी भूलतज्ज्ञ आकड्याइतकाच आकारही वाचतात. दम्याच्या मुलाच्या श्वासवाहिन्या आकुंचन पावल्या, तर काही वायुकोश लवकर आणि काही उशिरा रिकामे होतात. कडा उभा न राहता तिरपा होतो आणि सपाट माथा नाहीसा होतो. यंत्राची नळी निसटली तर रेघ एका श्वासात शून्यावर येते. श्वास चालू असूनही डोंगराची उंची अचानक घटली, तर रक्ताभिसरण कोसळले असावे अशी शंका घेतात. उलट, श्वास नेहमीप्रमाणे देत असतानाही आकडा वाढतच गेला, तर काही औषधांमुळे क्वचित होणाऱ्या घातक तापाची ती पहिली खूण असू शकते. स्नायू बेसुमार इंधन जाळू लागल्याची ती सूचना असते. एखाद्या वेळी रेघ श्वास आत घेतानाही शून्यावर उतरत नाही. तेव्हा मूल आपणच सोडलेला वायू पुन्हा आत घेत आहे, असे समजते.

या शेवटच्या प्रसंगात आपल्या चुन्याची पुन्हा भेट होते. भुलेच्या अनेक यंत्रांत तीच हवा फिरवून वापरतात आणि तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सोडा लाइमच्या दाण्यांत शोषून घेतात. हे दाणे मुख्यतः विझवलेल्या चुन्याचे असतात. वायूशी संयोग होऊन त्यांचे कॅल्शियम कार्बोनेट बनते, म्हणजे निवळीत जे घडते तेच. दाणे संपत आले की त्यात मिसळलेल्या दर्शकाचा रंग बदलतो. रंगाकडे दुर्लक्ष झाले, तरी आलेखाचा पायथा वर उचलला जातो आणि सूचना मिळते.

नळी कोठे गेली?

पूर्ण भूल देताना पुष्कळदा तोंडातून श्वासनलिकेत एक नळी घालतात. घशात श्वासनलिका आणि अन्ननलिका यांची तोंडे अगदी जवळजवळ असतात. नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर प्रत्येक दाबाबरोबर हवा पोटात जाते आणि फुप्फुसे कोरडी राहतात. अशी चूक निष्णात हातांकडूनही होऊ शकते. चूक होणे हा अपघात असतो. ती न ओळखली जाणे हा मृत्यू असतो.

पूर्वी ती ओळखण्यासाठी स्टेथोस्कोपने छाती ऐकत, छाती हलते का ते पाहत. दोन्ही खुणा फसवू शकतात, विशेषतः लहान मुलांत, कारण त्यांच्या बारीक छातीत पोटातील हवेचा आवाजही ऐकू येतो. कार्बन डायऑक्साइड मात्र पोटात तयार होत नाही. मुखवट्यातून दिलेली थोडी हवा आधी पोटात गेली असेल, तर एक-दोन बुटके डोंगर उमटतात आणि लगेच विरून जातात. म्हणून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 'टिकून राहणारा' वायू पाहण्यावर भर दिला आहे : निदान सात उच्छ्वासांपर्यंत डोंगर नीट उमटत राहिले पाहिजेत.

येथे कोणी विचारील, की बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आहे ना? कोविडच्या साथीत तो घरोघरी पोचला. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले आणि त्याने असंख्य प्राण वाचवले. पण तो रक्तातील ऑक्सिजन सांगतो, श्वास चालू आहे की नाही हे सांगत नाही. श्वास बंद पडल्यानंतर फुप्फुसांतील साठा संपेपर्यंत त्याचा आकडा चांगलाच दिसत राहतो. तो घसरू लागेपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. कॅप्नोग्राफ हीच बातमी पुढच्या श्वासाला देतो. पाण्याची टाकी रिकामी झाल्यावर कळणे आणि नळाचे पाणी बंद होताच कळणे, एवढा हा फरक आहे. दोन्ही साधने हवीत. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे

आता प्रश्न असा, की मुलांच्या बाबतीत याचे महत्त्व अधिक का? थोडे गणित करू या. विद्यार्थ्यांकडूनही ते करून घेता येईल.

साठ किलो वजनाचा प्रौढ विश्रांतीत दर किलोमागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे एकूण २१० मिलिलिटर. दहा किलोचे, साधारण वर्षाचे बाळ दर किलोमागे जवळजवळ दुप्पट, सुमारे ७ मिलिलिटर वापरते, म्हणजे एकूण ७० मिलिलिटर. साधा उच्छ्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा दोघांतही किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर धरू. प्रौढाचा साठा १८०० मिलिलिटर झाला, बाळाचा ३००. फुप्फुसे आधी ऑक्सिजनने भरून घेतली आणि साठ्यात ९० टक्के ऑक्सिजन आहे असे मानले, तर प्रौढाला १६२० भागिले २१०, म्हणजे साडेसात मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो. बाळाला २७० भागिले ७०, म्हणजे चार मिनिटांहूनही कमी. ऑक्सिजन न भरता साध्या हवेवर असताना श्वास थांबला, तर बाळाचा साठा अवघा ६३ मिलिलिटर. एका मिनिटाच्या आत सारे संपले. प्रत्यक्षात भुलेमध्ये हा साठा आणखी घटतो आणि सगळा ऑक्सिजन वापरताही येत नाही, म्हणून मिळणारा वेळ याहूनही कमी असतो. मुलाच्या बाबतीत अर्ध्या मिनिटाला केवढी किंमत आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट मार्गाची. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार ते पाच सेंटिमीटर लांब असते. नळी सेंटिमीटरभर खाली सरकली तर एकाच फुप्फुसात जाते, वर सरकली तर बाहेर येते. मान वळवताना एवढी हालचाल सहज होते. शिवाय अरुंद नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. चार मिलिमीटर व्यासाच्या मार्गाला सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर त्रिज्या निम्मी होते आणि विरोध सोळापट होतो.

वीस मिलिलिटरचा श्वास

गरज मुलांना अधिक, आणि मोजणे अवघडही मुलांतच. तीन किलोच्या नवजात बाळाचा एक श्वास किलोमागे ७ मिलिलिटर या हिशेबाने २१ मिलिलिटर होतो. म्हणजे चहाचे चार चमचे. मिनिटाला ४० श्वास धरले तर ८४० मिलिलिटर हवा.

कॅप्नोग्राफ दोन तऱ्हेचे असतात. एका प्रकारात श्वासाच्या नळीतून थोडी हवा बारीक नळीने ओढून यंत्रापर्यंत नेतात. नेहमीच्या यंत्रात हे ओढणे मिनिटाला १५० ते २०० मिलिलिटर असते. वीस किलोच्या सहा वर्षांच्या मुलात मिनिटाची हवा सुमारे २८०० मिलिलिटर. त्यातून २०० काढले तर सात टक्के. नवजात बाळाच्या ८४० मधून २०० काढले तर जवळजवळ चोवीस टक्के! शिवाय इवल्याशा उच्छ्वासाबरोबर शेजारची ताजी हवाही ओढली जाते, वायू पातळ होतो, पठार उमटतच नाही आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तो खरा मानून श्वास कमी दिले, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचेल. यावर उपाय म्हणून मिनिटाला केवळ ५० मिलिलिटर ओढणारी यंत्रे निघाली आहेत, आणि हवा शक्यतो तोंडाजवळच्या टोकातून घेतात.

दुसऱ्या प्रकारात संवेदकच नळीच्या तोंडावर बसवतात. हवा ओढावी लागत नाही आणि उत्तर लगेच मिळते. बाष्प साचू नये म्हणून संवेदक शरीरापेक्षा किंचित गरम ठेवतात. पण त्याचे वजन बारीक नळीला ओढते आणि त्याची पोकळीही श्वासमार्गात भर घालते. ज्या भागात हवा नुसती ये-जा करते पण रक्ताशी देवाणघेवाण होत नाही, त्याला मृत अवकाश म्हणतात. तो किलोमागे सुमारे २ मिलिलिटर, म्हणजे या बाळात ६ मिलिलिटर. जोडणीमुळे त्यात ५ मिलिलिटरची भर पडली, तर २१ पैकी ११ मिलिलिटर वाया; निम्म्याहून अधिक श्वास नुसता हेलपाटा. म्हणून बाळांसाठीच्या जोडण्या एखाद-दुसऱ्या मिलिलिटरपेक्षा मोठ्या नसाव्यात, असा प्रयत्न असतो.

यंत्र, आणि यंत्राकडे पाहणारा

कोणतेही यंत्र आपण होऊन कोणाला वाचवीत नाही. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशव्यापी पाहणी होऊन तिचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागांतील मृत्यूंच्या मोठ्या वाट्याला कॅप्नोग्राफ न वापरणे, किंवा वापरूनही चुकीचे वाचणे कारणीभूत ठरले होते. रेघ सपाट दिसली की 'यंत्र बिघडले असेल' किंवा 'हृदय बंद पडले असेल' असे समजण्याकडे मनाचा कल जातो; नळी चुकली, हे मान्य करणे कठीण जाते. वास्तविक हृदय बंद पडले असले, तरी छातीवर दाब देत असताना थोडा वायू येतच असतो. म्हणून आज शिकवले जाते ते असे : रेघ सपाट असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, नळी चुकीच्या जागी आहे असेच धरावे. आपल्या मताविरुद्धचा पुरावा मानणे ही विज्ञानाची शिस्त आहे. शस्त्रक्रियागृहात तिच्यावर एखाद्याचा प्राण अवलंबून असतो.

दुसरी अडचण पैशाची. जागतिक आरोग्य संघटना आणि भूलतज्ज्ञांचा जागतिक महासंघ यांनी २०१८ मध्ये सुरक्षित भुलेची मानके प्रसिद्ध केली. नळीची जागा कार्बन डायऑक्साइडने ताडून पाहण्याची त्यांत सर्वोच्च दर्जाची शिफारस आहे. सलग आलेखाची शिफारस मात्र एक पायरी खाली ठेवली आहे. जेथे कॅप्नोग्राफ नाही तेथे रंग बदलणारी साधी पट्टीही नळीच्या जागेची खात्री करण्यास उपयोगी पडते : मेटाक्रेसॉल पर्पल हा दर्शक कार्बन डायऑक्साइडच्या आम्लतेने जांभळ्याचा पिवळा होतो. लिटमसची ही सख्खी बहीणच.

गुरुजींनी काय सांगावे?

पेणहून किंवा रोह्याहून मूल अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाईल, पनवेलला जाईल, किंवा परळला १९२९ पासून मुलांवर उपचार करणाऱ्या वाडिया रुग्णालयात जाईल. कोठेही गेले तरी पालकांनी भूलतज्ज्ञांना एक प्रश्न विचारण्यास हरकत नाही : "माझ्या मुलाच्या उच्छ्वासावर नजर ठेवणारे यंत्र आपल्याकडे आहे ना?" हा प्रश्न अविश्वासाचा नाही, जाणकार पालकाचा आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

आणखी तीन गोष्टी शिक्षकांनी घरी आवर्जून सांगाव्यात. पहिली, उपाशीपोटी ठेवण्याची सूचना काटेकोर पाळावी. सर्वसाधारण नियम घन आहारासाठी सहा तास आणि आईच्या दुधासाठी चार तासांचा आहे. पाणी कधीपर्यंत द्यायचे ते डॉक्टर सांगतील. भुकेल्या पोराची दया येऊन आजीने गुपचूप दिलेले बिस्किट भुलेत घशाशी येऊन फुप्फुसात जाऊ शकते. दुसरी, सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नये. तारीख पुढे गेली तरी चालेल. सर्दीने श्वासमार्ग चिडखोर झालेला असतो. तिसरी, सहा ते आठ वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात हलत असेल, तर आधी सांगावे. नळी घालताना तो निखळून घशात जाऊ शकतो.

वर्गात मात्र निवळीचा प्रयोग जरा निराळ्या तऱ्हेने करून पाहावा. दोन परीक्षानळ्यांत सारखीच निवळी घ्यावी. एका विद्यार्थ्याने शांत बसून हळूहळू फुंकावे, आणि निवळी दुधाळ होण्यास लागणारे सेकंद मोजावेत. मग त्यानेच मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच दुसऱ्या नळीत फुंकावे. निवळी ओढून तोंडात येणार नाही एवढी काळजी घ्यावी. दुसऱ्या वेळचे सेकंद बहुधा कमी भरतात. का, याची चर्चा मुलांनाच करू द्यावी : पेशींनी अधिक इंधन जाळले, रक्ताने अधिक वायू वाहिला, श्वास अधिक वेगाने चालला. साखळीच्या याच तीन कड्या. त्यानंतर फळ्यावर माथेरानचा डोंगर काढावा आणि त्याचा कडा व पठार कशामुळे होते, ते विचारावे.

आणि दाराशी उभी असलेली आई "पोर उठेल ना?" असे विचारील, तेव्हा तिला सांगता येईल की धोका शून्य असतो असे कोणी म्हणणार नाही, पण आपल्या लेकराच्या प्रत्येक श्वासाची तेथे नोंद होते. एक श्वास चुकला तर रेघ तत्काळ सांगते, आणि ती रेघ वाचणारा माणूस उशाशी बसलेला असतो.